कॅमेऱ्यापुढे उलटी दुर्बीण

विज्ञान प्रदर्शनात मुलांच्या गटाचे छायाचित्र काढायचे आहे. फिल्म कॅमेऱ्याचे भिंग ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे आहे. पाठ भिंतीला टेकली, तरी मुले ३ मीटरवरच आहेत. फिल्मवरील चौकटीची लांबी ३६ मिलिमीटर असते. समरूप त्रिकोणांवरून या अंतरावरची ३ × ३६ ÷ ५०, म्हणजे सुमारे २.२ मीटर रुंदीच चित्रात मावेल. टोकाची मुले बाहेर राहतील!

३५ मिलिमीटरच्या भिंगाने हीच रुंदी ३.१ मीटर झाली असती. पण वेगळे भिंग महाग पडते, आणि कित्येक कॅमेऱ्यांचे भिंग बदलताच येत नाही. अशा वेळी मूळ भिंगापुढे आट्यांवर बसवायचा वाइड-अँगल कन्व्हर्टर उपयोगी पडतो. त्यावर ०.७ लिहिले असेल, तर ५० मिलिमीटरचे भिंग ५० × ०.७ = ३५ मिलिमीटरच्या भिंगासारखे काम करते.

हे कसे घडते? गॅलिलिओच्या दुर्बिणीत पुढे बहिर्वक्र आणि डोळ्याकडे अंतर्वक्र भिंग असते. ती उलटी धरली, की वस्तू लहान दिसतात, पण परिसर जास्त दिसतो. कन्व्हर्टर म्हणजे अशीच उलटी दुर्बीण. दूरवरून आलेले समांतर किरण पुढच्या अंतर्वक्र भिंगातून फाकतात आणि मागचे बहिर्वक्र भिंग त्यांना पुन्हा समांतर करते. फक्त त्यांचा अक्षाशी होणारा कोन सुमारे ०.७ पट होतो.

आता मुले विचारतील, जास्त परिसरातला प्रकाश आत आला तर फिल्म जास्त उजळणार नाही का? नाही. एफ-क्रमांक म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/२ वर २५ मिलिमीटरचे छिद्र असते. कन्व्हर्टरमधून पुढून पाहिले, तर तेच १७.५ मिलिमीटरचे दिसते. ३५ ÷ १७.५ म्हणजे पुन्हा २. परिसर वाढला, पण प्रकाशाचे दार तितकेच अरुंद झाले.

जवळच्या वस्तूंबाबत मात्र सावध राहायला हवे. ०.७ च्या कन्व्हर्टरमुळे मूळ भिंगाला वस्तू १ ÷ (०.७ × ०.७), म्हणजे सुमारे दुप्पट दूर भासते. २ मीटरवरच्या मुलासाठी भिंगावर ४ मीटर लावावे लागतात. एसएलआर कॅमेऱ्यात आपण भिंगातूनच पाहतो, त्यामुळे ही दुरुस्ती आपोआप होते. याशिका इलेक्ट्रो ३५ सारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी वेगळी असते. तेथे अंतराचे हे रूपांतर आपल्यालाच करावे लागते, आणि चौकट ठरवायला जोड-व्ह्यूफाइंडर लागतो.

या सोयीची किंमत चित्राच्या कडांना मोजावी लागते. तेथील सरळ रेषा पिंपासारख्या फुगतात, रंगीत झालर दिसते, कोपरे धूसर होतात. छिद्र एफ/८ पर्यंत लहान केल्यास धूसरपणा कमी होतो, पण रेषांचा फुगवटा तसाच राहतो. म्हणून ज्या छायाचित्रावरून मोजमाप करायचे, ते कन्व्हर्टर लावून काढू नये.

करून पाहा : चौकोनी फरश्यांच्या भिंतीचे एकाच जागेवरून कन्व्हर्टरसह आणि त्याशिवाय छायाचित्र घ्या. दोन्हींत आडव्या किती फरश्या मावल्या ते मोजा. त्या संख्यांच्या गुणोत्तरावरून कन्व्हर्टरवरचा आकडा खरा आहे का, ते ठरवा. फिल्म नसेल, तर मोबाइलला चिमट्याने लावायच्या वाइड-अँगल भिंगावरही हा प्रयोग जमेल.