थेंबांचा जमाखर्च : जैसलमेर आणि त्याचा मरुमुलूख

राजस्थानच्या पश्चिम सीमेवर, जिथे वर्षभराचा पाऊस सरासरीने २०० मिलिमीटरही भरत नाही, म्हणजे मुंबईत आषाढातल्या एखाद्या दिवशी कोसळतो तेवढादेखील नाही, तिथे पावणेनऊशे वर्षे एक नगर नांदते आहे, आणि त्याने या अवधीत व्यापार केला, मंदिरे उभारली, ग्रंथ सांभाळले, ही गोष्ट जैसलमेरच्या प्रवाशाने गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वीच ध्यानात घेतली, तर पुढे जे पाहावयाचे त्याचा अन्वय त्याला आपोआप लागू लागतो. पिवळ्या दगडाची झळाळी आणि उंटांच्या रांगा छायाचित्रांनी सर्वांच्या परिचयाच्या केल्या आहेत. या वैभवाच्या मुळाशी असलेला पाण्याचा काटेकोर जमाखर्च मात्र तिथे जाऊन, सवडीने हिंडूनच समजून घ्यावा लागतो.

भाटी राजपुतांची जुनी राजधानी लोद्रवा येथे, आजच्या शहरापासून सुमारे १६ किलोमीटरवर होती. ती जागा सपाट आणि शत्रूला सुगम असल्यामुळे रावळ जैसल याने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर नव्या किल्ल्याचा पाया घातला. भोवतालच्या मैदानातून ही टेकडी सुमारे ७६ मीटर उंच उठते, आणि तिच्या कडेने ९९ बुरुजांची तटबंदी फिरलेली आहे. सिंध आणि गुजरातेतून दिल्लीकडे जाणारे तांडे येथूनच जात. त्यांची जकात आणि सावकारांची उलाढाल हाच या संस्थानाचा खरा महसूल, कारण शेतसाऱ्यावर पोट भरावे अशी ही जमीन नव्हे. अडीच साक्यांची कथा येथे अजून सांगतात: दोन वेळा स्त्रियांनी जोहार केला आणि पुरुष रणात पडले, तिसऱ्या वेळी दगाफटक्यामुळे जोहारालाही अवसर उरला नाही, म्हणून तो साका अर्धा. मराठी फौजांनी राजपुतान्याचा बराचसा मुलूख तुडविला, तरी या आडवळणी संस्थानाला त्यांची झळ लागली नाही. आणि १८१८ साली महारावळ मूलराज यांनी इंग्रजांशी तह केला.

अखई पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ आणि हवा पोळ असे चार दरवाजे ओलांडून वर गेल्यावर आपण उजाड गडावर न येता एका भरल्या वस्तीत येतो, कारण या किल्ल्यात आजही काही हजार माणसे पिढीजात घरांतून राहतात. तिथल्या जैन मंदिरांची शिल्पे पाहून बहुतेक प्रवासी परततात. पण त्यांच्या तळघरातला जिनभद्रसूरी ज्ञानभंडार हा शिल्पांइतकाच मोलाचा आहे. परचक्राच्या काळात दूरदूरच्या पोथ्या या गडावर सुरक्षिततेसाठी आल्या, आणि दमट हवेत ज्यांना बुरशी आणि कसर यांनी खाल्ले असते अशी ताडपत्रे येथील कोरड्या हवेने शतकानुशतके जपली. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातले विद्वान गेओर्ग ब्यूलर १८७४ साली येथे आले, तेव्हा त्यांना बिल्हण कवीचे ‘विक्रमांकदेवचरित’ सापडले. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याचे, म्हणजे आपल्या दख्खनच्या एका राजाचे चरित्र थरच्या वाळवंटातून उजेडात यावे, हा इतिहासाचा मोठा मनोज्ञ योग होय. पुढे मुनी पुण्यविजयजींनी परिश्रमपूर्वक या भांडाराची व्यवस्था लावली.

किल्ल्याखाली उतरून गडीसर तलावाकडे गेले की नगराच्या हिशेबाचे पहिले पान उघडते. चौदाव्या शतकात रावळ घडसी यांनी सिद्धीस नेलेला हा तलाव पावसाच्या पाण्याने भरे, आणि दीर्घकाळ साऱ्या शहराची तहान त्यावर भागे. म्हणून ज्या जमिनीवरून पाणी वाहत येई ती, म्हणजे तलावाचा आगोर, स्वच्छ राखणे हे रयतेचे कर्तव्य मानले जाई. घाटाकडे जाणारी देखणी वेस तिलों नावाच्या गणिकेने बांधविली अशी आख्यायिका आहे. राजाने ती पाडू नये म्हणून तिने वर देवाची स्थापना केली, आणि दरबाराची हरकत जागच्या जागी विरली.

शहरातल्या हवेल्या हा या नगराच्या संपन्नतेचा शेवटचा बहर. गुमानचंद पटवा यांच्या घराण्याच्या पाच हवेल्यांचे काम १८०५ साली सुरू झाले आणि ते अर्धशतकाच्या आसपास चालले. नथमल दिवाणांची १८८५ची हवेली हाथी आणि लालू या दोन भावांनी दोन बाजूंनी कोरली. दर्शनी तोल साधूनही दोन्ही अंगांचे तपशील जुळत नाहीत, आणि हा खेळ शोधण्यात पाहणाराचा तासभर सहज जातो. दगडी जाळ्यांमधून वारा आत येतो, ऊन बाहेर थबकते. परंतु याच एकोणिसाव्या शतकात मुंबईचे बंदर वाढले, माल आगबोटीने आणि रेल्वेने जाऊ लागला, तांड्यांची वाट ओस पडली, आणि पुढे फाळणीने सिंधची उरलीसुरली वहिवाटही बंद केली.

शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचे ओसाड गाव आहे. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमामुळे एका रात्रीत ८४ गावे उठून गेली, अशी दंतकथा मार्गदर्शक रंगवून सांगतात. अभ्यासक मात्र आटत गेलेल्या विहिरी आणि वाढता करभार यांकडे बोट दाखवितात. या पालीवालांची खरी कीर्ती त्यांच्या खडिनांत आहे. खडकाळ उतारावरून येणारे पाणी सखल जागी लांब मातीच्या बांधाने अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे, आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू आणि हरभरा पेरावयाचा, ही ती रीत. पाणलोट पिकाखालच्या जमिनीहून अनेकपटींनी मोठा असावा लागतो, म्हणून अशा गावाची शिवारे दूरवर पसरत.

याहून सूक्ष्म योजना कुईंची. या भागात काही ठिकाणी वाळूखाली खडिया नावाच्या दगडाचा अभेद्य थर असतो. पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता त्याच्या वर, वाळूच्या कणांत अडकून राहते. चेजारो नावाचे कुशल कारागीर तिथे अरुंद, खोल कुई खणतात, आणि जिथे वीट वा दगड मिळत नाही तिथे खींप या झुडपाच्या जाड दोराची वेटोळी रचून भिंत सावरतात. दिवसभर थेंब थेंब पाझरून दोन-तीन घागरी गोड पाणी मिळते. कुई ज्याची त्याची असली, तरी नवी खणण्याची परवानगी गावाच्याच हाती असते, कारण मुरलेली ओल सर्वांची सामाईक.

आसमंतात आणखी पाहण्याजोगे पुष्कळ आहे: लोद्रव्याचे पार्श्वनाथ मंदिर, बडा बागेतल्या राजछत्र्या, बाडमेर रस्त्यावर आकल येथे पडलेले सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वृक्षांचे पाषाण झालेले बुंधे, आणि सुमारे ४० किलोमीटरवरचे सम येथील वाळूचे डोंगर, जिथे संध्याकाळी मांगणियार लोकगायक कमायचा आणि खडताल यांवर गातात. येथील मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात गोडावण राहतो, म्हणजेच आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तो जवळजवळ दिसेनासा झाल्यावर त्याच्या जातीचा मुख्य आधार हाच मुलूख उरला आहे, आणि विजेच्या तारांना धडकून होणारे त्याचे मृत्यू ही आज मोठी चिंता आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. इंदिरा गांधी कालव्याने हिमालयाचे पाणी या जिल्ह्यात आणले, नळ घरोघर पोहोचले, आणि पाण्यासाठी मैलोगणती चालणाऱ्या बायाबापड्यांचे कष्ट पुष्कळ कमी झाले. या उपकाराला कोणी नावे ठेवू नयेत. पण त्रिकूट टेकडीचा खडक ठिसूळ गाळाचा आहे. पावसाचे पाणी झटपट बाहेर नेणारी घूट नाली ही जुनी गटारव्यवस्था, घागरींनी मोजलेल्या खर्चासाठी होती. उतारूंच्या स्नानगृहांचे आणि उपाहारगृहांचे सांडपाणी तिच्या अंदाजात नव्हते. ते पायात मुरले, बुरुज ढासळले, राणीच्या महालाचा भाग कोसळला, आणि १९९६ साली जागतिक वारसा वाचविणाऱ्या एका संस्थेने हा किल्ला धोक्यातील वास्तूंच्या यादीत घातला. २०१३ साली युनेस्कोची मान्यता मिळाली, दुरुस्त्याही झाल्या, तरी जोवर पाण्याचा खर्च आवरत नाही तोवर हे काम पुरे व्हावयाचे नाही.

म्हणून जाणाऱ्यास सल्ला असा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. जोधपूरपासून सुमारे २८० किलोमीटरचे अंतर रेल्वेने किंवा मोटारीने कापावे. बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीची भाजी आवर्जून चाखावी, कारण तीही थोडक्या पावसावर जगणाऱ्या झाडांचीच देणगी आहे. मुक्काम मात्र गडाच्या पायथ्याशी करावा आणि गड पाहावयास दिवसा वर जावे. ज्या नगराने दुष्काळ, वेढे आणि व्यापाराचा ऱ्हास पचविला, त्याला पाण्याच्या उधळपट्टीने बाधा पोहोचावी, यात पाहुण्याचा वाटा थोडका नाही. आणि तो कमी करणे पाहुण्याच्याच हाती आहे.