काशीत उतरावे कोठे?

पूर्वीच्या काळी काशीयात्रेस निघालेला गृहस्थ घरच्यांचा निरोप घेताना परतण्याचा भरवसा देत नसे, आणि एकदा तेथे पोहोचला म्हणजे तीर्थविधी, पंचक्रोशीची प्रदक्षिणा व ब्राह्मणभोजने यांत महिना दोन महिने घालवून मगच परतीची तजवीज करी. क्षेत्रोपाध्यायाच्या वाड्यात पथारी टाकली की उतरण्याचा प्रश्न निकालात निघे, व शहर समजून घेण्यास दिवस मुबलक उरत. आजचा प्रवासी शुक्रवारी विमानाने निघतो आणि सोमवारी कचेरीत हजर असतो. अशा दोन-तीन रात्रींच्या प्रवासात कोणत्या मोहल्ल्यात मुक्काम करावा याइतका महत्त्वाचा दुसरा निर्णय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हाच निर्णय बहुतेक मंडळी खोलीचे भाडे, स्नानगृहाची छायाचित्रे व स्थानकापासूनचे अंतर एवढ्यावर घेऊन मोकळी होतात. या बाबी गौण आहेत असे नव्हे. परंतु आपण ज्या मोहल्ल्यात निजतो त्याच मोहल्ल्याची पहाट आणि उत्तररात्र आपल्या वाट्याला येते; दिवसाचे इतर प्रहर रिक्षात बसून कोठूनही गाठता येतात.

काशीच्या बाबतीत हा भेद विशेष तीव्र होण्याचे कारण तिच्या रचनेतच आहे. गंगा येथे उत्तरवाहिनी होते, आणि दक्षिणेस अस्सीपासून उत्तरेस वरुणेच्या संगमापर्यंत सहा-सात किलोमीटर पसरलेले 84 घाट तिच्या पश्चिम तीरावरच आहेत. समोरचा तीर वाळूचा व वस्तीविरहित असल्यामुळे सूर्याचा पहिला किरण मध्ये कोणताही अडसर न येता थेट पायऱ्यांवर पडतो. सारे नगर पूर्वेकडे तोंड करून बसलेले आहे, आणि त्याचे नित्यकर्म सूर्योदयापूर्वीच सुरू होते. विश्वनाथाची मंगला आरती पहाटे तीनच्या सुमारास होते. उन्हाळ्यात नऊ वाजले की दगड तापू लागतात आणि घाट ओस पडतात, तेव्हा न्याहारी आटोपून आरामात पोहोचणाऱ्यास काशीचा देह दिसतो, तिची दिनचर्या दिसत नाही.

म्हणूनच कॅन्टोन्मेंटविषयी मला फार बोलावयाचे नाही. कंपनी सरकारच्या छावणीपासून चालत आलेला हा भाग रुंद रस्त्यांचा, झाडीचा आणि शांत आहे. मोठी हॉटेले तेथे आहेत, मुख्य रेल्वे स्थानक जवळ आहे, शहराच्या केंद्रापासून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या बाबतपूरच्या विमानतळाकडे जाणेही येथून सुलभ पडते, आणि ज्याचा ओढा सारनाथकडे अधिक आहे त्याने येथे अवश्य उतरावे. पण दशाश्वमेध येथून चार-पाच किलोमीटर, आणि सायंकाळच्या गर्दीत तेवढ्यासाठी तासभर मोडतो.

दशाश्वमेध आणि गोदौलिया हा शहराचा मध्यबिंदू. विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये पुन्हा उभारले. त्याच्याभोवतीच्या दाट वस्तीतून नदीपर्यंत काढलेला प्रशस्त मार्ग 13 डिसेंबर 2021 रोजी खुला झाला, आणि तेव्हापासून या भागातील गर्दीला काळवेळेची मर्यादा राहिलेली नाही. देवदर्शन हाच ज्याचा मुख्य हेतू आहे, आणि मंगला आरतीसाठी जो अडीच वाजता पायी निघणार आहे, त्याच्यासाठी याहून योग्य जागा नाही. गंगेची आरती, कचौडी गल्लीतील न्याहारी, ठंडाईची दुकाने, साडीबाजार, सारे हाकेच्या अंतरावर. किंमत एकच मोजावी लागते, ती स्वस्थतेची: रात्री उशिरापर्यंत भोंगे वाजतात, दलाल पाठ सोडत नाहीत, आणि पहाटेही घाटावर एकांत म्हणून मिळत नाही. मणिकर्णिकेच्या बाजूस खोली घेणाऱ्याने हेही जाणून असावे की गल्लीतून अहोरात्र अंत्ययात्रा जातात आणि चितांचा धूर खिडकीपर्यंत येतो. त्या सान्निध्यात राहणे हा काहींना आयुष्यभर पुरणारा अनुभव वाटेल. लहान मुले बरोबर असतील तर मात्र आधी विचार करावा.

दक्षिण टोकाचे अस्सी त्या मानाने मोकळे आहे. तुलसीदासांचे अखेरचे वास्तव्य याच परिसरातले, राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान शेजारच्या भदैनीत, आणि लंका चौक ओलांडला की 1916 मध्ये स्थापन झालेल्या हिंदू विश्वविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर. त्यामुळे विद्यार्थी, संगीतकार आणि महिनोन्‌महिने राहणारे परदेशी जिज्ञासू यांची येथे सतत वर्दळ असते. सूर्योदयाच्या वेळी घाटावर आरती, वेदमंत्र आणि शास्त्रीय गायन-वादन असा 'सुबह-ए-बनारस' नावाचा कार्यक्रम होतो. वाहन घाटाच्या जवळपर्यंत येते, ही सोय वृद्धांच्या दृष्टीने मोलाची होय. अस्सीहून उत्तरेकडे चालत निघाले की प्रांतांमागून प्रांत लागतात: हनुमान घाटावर तमिळ, केदार घाटावर दाक्षिणात्य मंदिराचे लाल-पांढरे पट्टे, त्याच्या पाठीमागे बंगाली टोला, पुढे नागपूरकर संस्थानाचे दिवाण श्रीधर नारायण मुनशी यांच्या नावाचा मुनशी घाट. प्रत्येक प्रांताने आपल्या यात्रेकरूंसाठी येथे एकेक मोहल्ला जणू सनदेने लावून घेतला आहे.

मराठी माणसाचा असा मोहल्ला उत्तरेकडे, भोसले घाटापासून पुढे पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या मागे, पक्का महाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत आहे. आणि दोन रात्रींसाठी काशीस जाणाऱ्या वाचकाला मी निःसंकोचपणे तेथेच उतरण्यास सांगेन. मैदागिनच्या चौकात वाहन सोडावे लागते. तेथून काळभैरवाच्या, म्हणजे काशीच्या कोतवालाच्या, देवळावरून आत शिरले की गल्ली क्रमशः आकसत जाते, दगडी फरशीच्या सांध्यांवर चाकांच्या बॅगा अडखळू लागतात, वळणावर बसकण मारलेल्या नंदीला वळसा घालावा लागतो. दोन्ही अंगांना ठेंगणे दरवाजे. कोठे चौकटीच्या बाजूला लग्नप्रसंगी रंगवलेले गणपती आणि हत्ती पावसाने फिके झालेले. आणि अकस्मात एखाद्या माजघरातून मराठीत दिलेली हाक ऐकू येते. जवळच्या रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे, तेथे वेदाध्ययनाची परंपरा अद्याप अखंड चालते. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेली ही घरे गणेशोत्सव करतात, पंचांग पाहतात, आणि घरात मराठी बोलताना तिला हिंदीचा हेलकावा देतात.

पंचगंगेच्या पायऱ्या उंच आणि सरळ चढाच्या आहेत. वर आलमगीर मशीद. तिचे उंच मिनार कंपनीच्या टांकसाळीवरील अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने दुरुस्त करविले होते, ते आज उरलेले नाहीत. पूर्वी त्या जागी बिंदुमाधवाचे भव्य मंदिर होते. सांप्रतचे बिंदुमाधव शेजारच्या साध्या वास्तूत आहेत. खाली नदीकडे उघडणाऱ्या लहान दगडी कोठड्या, आणि अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला दगडी दीपस्तंभ. कार्तिक महिनाभर येथे उंच बांबूंच्या टोकाशी वेताच्या टोपल्यांतून आकाशदीप चढवले जातात. कार्तिकी पौर्णिमेलाच, 1573 मध्ये, एकनाथांनी आपली भागवतावरील टीका काशीत पूर्ण केली, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला त्या दिव्यांकडे परक्यासारखे पाहता येणार नाही. रामानंदांचा मठही याच घाटावर, आणि पहाटेच्या अंधारात पायरीवर निजलेल्या कबीराला त्यांचा पाय लागला ही कथाही येथलीच. ती ब्राह्म मुहूर्ताची कथा आहे, आणि त्या मुहूर्ताला घाटावर हजर राहण्यासाठी येथे मुक्काम करणाऱ्यास केवळ दार उघडून पायऱ्या उतरावयाच्या असतात. स्नानाला आलेल्या वृद्ध स्त्रिया, तांब्या घासण्याचा आवाज, नदीवरून येणारे धुके, एवढेच असते. पाहुण्यांसाठी मांडलेले त्यात काही नसते.

या निवडीत अडचणी आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. येथे मोठी हॉटेले नाहीत, जुन्या वाड्यांतून काढलेली लहान अतिथिगृहे आहेत. तेव्हा नोंदणीपूर्वी दूरध्वनी करून खोली कितव्या मजल्यावर, जिने किती अरुंद, सामान उचलण्यास मैदागिनपर्यंत माणूस येईल काय, आणि नदीकडची खिडकी म्हणजे खोलीची खिडकी की गच्चीचा कठडा, एवढे नीट विचारून घ्यावे. श्रावण-भाद्रपदात पुरामुळे खालच्या पायऱ्या बुडतात, घाटाघाटांतील वाट तुटते, नावा बंद ठेवल्या जातात, आणि गल्ल्यांतूनच हिंडावे लागते. त्या दिवसांत कोणत्याही घाटाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. देवदीपावलीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला, भाडी कित्येक पट चढतात व जागा बऱ्याच आधी संपतात. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे गाड्या रखडतात, म्हणून परतीची वेळ काटेकोर धरू नये.

आणि गुडघ्यांनी दगा दिलेले आईवडील बरोबर असतील, तर पंचगंगेच्या चढाचा हट्ट सोडून अस्सीला तळमजल्याची खोली घ्यावी, आणि एका पहाटे तेथूनच नाव करून पंचगंगेपर्यंत जावे. प्रवाह त्याच दिशेचा असल्यामुळे नावाड्यालाही श्रम कमी पडतात. त्यांना बसताना तोंड डाव्या हाताला, घाटांकडे करून बसवावे, म्हणजे उगवता सूर्य पाठीवर राहतो आणि उजळलेले घाट एकामागून एक स्वच्छ दिसत जातात.