चालणे, धावणे, गड चढणे: किती कॅलरी जळतात?

स्वस्थ बसलेले असतानाही शरीर इंधन जाळतच असते: वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी. व्यायामाचा हिशेब याच्याच पटीत मांडतात. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणे साडेतीन पट, ताशी ८ किलोमीटरने धावणे आठ पट, संथ योगासने अडीच पट. म्हणजे ६० किलोच्या माणसाच्या तासभर चालण्यात सुमारे २१० कॅलरी जातात, धावण्यात ४८० च्या आसपास.

धावण्याची एक गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटते. वेग कमी असो वा जास्त, दर किलोमीटरचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. दम लागत असेल तर वेग खुशाल कमी करावा, अंतर राखावे.

चढणीचे गणित वेगळे. सिंहगडासारखी साधारण ६०० मीटरची चढण घ्या. ६० किलो वजन तेवढे वर नेण्याचे निव्वळ काम सुमारे ८५ कॅलरींचे. पण स्नायू इंधनाचा जेमतेम चौथा हिस्सा कामी लावतात, बाकीची उष्णता होते. त्यामुळे खरा खर्च साडेतीनशेच्या घरात जातो. घाम फुटतो तो या उष्णतेपायी. मात्र घामावरून कॅलरी मोजू नयेत. मे महिन्यात तो बसल्या जागीही येतो.