काब्वेची धूळ

झांबियाची राजधानी लुसाका. तिच्या उत्तरेला साधारण 140 किलोमीटरवर काब्वे नावाचं शहर आहे. वस्ती दोन लाखांच्या वर. पावसाळा सरला की तिथे कित्येक महिने जमीन कोरडी ठणठणीत असते आणि वारा बहुतेक पूर्वेकडून वाहतो. त्या वाऱ्याच्या वाटेवर एका बंद खाणीचा कचरा उघड्यावर पडलेला आहे, अंदाजे साठ लाख टनांहून जास्त. त्यातल्या काळ्या राखेच्या मोठ्या ढिगाला गावकरी ‘ब्लॅक माउंटन’ म्हणतात. पश्चिमेला कसांडा आणि माकुलुलु या वस्त्या. तिथल्या पोरांच्या अंगणात जी धूळ आहे, तिच्यात शिसं आहे.

ब्रिटिश अमदानीत या गावाचं नाव ब्रोकन हिल होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे शिसं आणि जस्ताची खाण सुरू झाली. 1921 साली याच खाणीत आदिमानवाची एक कवटी सापडली. नव्या कालमापनानुसार ती सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची आहे. ती आज लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे आणि झांबिया ती परत मागतो आहे. खनिज जागेवरच वितळवत असत, त्यामुळे भट्ट्यांचा धूर अनेक दशकं वस्तीवर उतरत राहिला. 1970च्या दशकात खाण पूर्णपणे सरकारी कंपनीकडे गेली आणि 1994मध्ये बंद पडली. कामगार घरी बसले, यंत्रं निघाली, पण ढीग आणि भोवतालची माती तशीच राहिली. शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, विरत नाही. तीस वर्षांच्या पावसाने त्याचा विषारीपणा रतीभरही कमी केलेला नाही.

शिसं आपल्याला परकं नाही. शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड. पण ते शरीरात जाऊन काय करतं, हे नीट समजून घ्यायला हवं. शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा थोडाच भाग रक्तात उतरतो. लहान मूल त्याच्या चार ते पाच पट शोषून घेतं. पोट रिकामं असेल, आहारात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. म्हणजे ज्या घरात खायला कमी, त्याच घरातल्या मुलाला विष जास्त लागतं. त्यात रांगणारं मूल दिवसभर जमिनीवर असतं आणि त्याचा हात सारखा तोंडात जातो. वेगळा अपघात घडावा लागत नाही. खेळणं एवढंच पुरतं.

रक्तात आलेलं शिसं हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणतं, मूल पांढरंफटक पडतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना जे निरोप देतात त्यात कॅल्शियमचं काम असतं. तिथेही शिसं घुसतं. प्रमाण फार चढलं तर झटके येतात, मूल बेशुद्ध पडतं, दगावतंही. पण मला जास्त भयंकर वाटतं ते त्याखालचं प्रमाण, जिथे बाहेरून काहीच दिसत नाही. मूल उशिरा बोलतं, शाळेत मागे पडतं, एका जागी बसत नाही, आणि सगळे त्यालाच बोल लावतात. झालेलं नुकसान पुढे भरून येत नाही. उरलेलं शिसं हाडांत साठतं आणि तिथे काही दशकं राहतं. मुलगी मोठी होऊन गरोदर राहिली की हाडांतलं कॅल्शियम सुटतं, त्यासोबत शिसंही सुटतं आणि नाळेतून पोटातल्या बाळापर्यंत पोचतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाचं निर्धोक असं कोणतंच प्रमाण नाही. एक डेसिलिटर रक्तात 5 मायक्रोग्रॅम आढळले, तरी शिसं कुठून येतं ते शोधा असं ती सांगते. 45च्या वर मुलांना औषध सुरू करायला सांगते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काब्वेच्या खाणीलगतच्या तीन वस्त्यांतल्या लहान मुलांचं रक्त तपासलं होतं. तपासलेलं एकही मूल 5च्या खाली नव्हतं. काहींच्या रक्तात प्रमाण दीडशेच्याही वर गेलं होतं.

औषध आहे. ते रक्तातल्या शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. मात्र औषध घेऊन मूल परत त्याच अंगणात गेलं, तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. मेंदूचं झालेलं नुकसानही औषधाने भरून निघत नाही. मुलांचे हात धुवा, घर ओल्या फडक्याने पुसा, असं आयांना सांगितलं जातं. सल्ला बरोबरच आहे. पण नळ घरात नसेल आणि दाराबाहेर मातीचाच रस्ता असेल, तर ती बाई दिवसातून किती वेळा पुसणार?

जागतिक बँकेच्या मदतीने 2003पासून एक प्रकल्प झाला. खाणीचं सांडपाणी वाहून आणणारा कालवा उपसला गेला. मुलं त्यातच डुंबत असत. काही घरांची माती बदलली. पुढे दुसरा प्रकल्प आला, त्यात तपासणी आणि औषधोपचार झाले. मूळ ढीग मात्र उघडेच राहिले. उलट पोटासाठी लोक त्याच कचऱ्यात दगड फोडतात, शिसं आणि जस्त वेचतात, आणि कचऱ्यातून धातू काढण्याचे परवानेही दिले गेले. उकरलेला ढीग पुन्हा ताजी धूळ सोडतो.

2020मध्ये काब्वेच्या स्त्रिया आणि मुलांच्या वतीने जोहान्सबर्गच्या न्यायालयात अँग्लो अमेरिकन साउथ आफ्रिका या कंपनीविरुद्ध सामूहिक दाव्याची परवानगी मागण्यात आली. 1925 ते 1974 या काळात खाणीशी अँग्लो अमेरिकन समूहाचा संबंध होता. जबाबदारी आपली नाही, नंतरच्या सरकारी कंपनीची आहे, असं कंपनीचं म्हणणं. डिसेंबर 2023मध्ये न्यायालयाने परवानगी नाकारली. पुढच्या वर्षी अपिलाची मुभा मिळाली.

कोणाचा किती दोष, हे न्यायालय ठरवील तेव्हा ठरवील. काय करायचं ते मात्र आधीपासून माहीत आहे : ढीग जाड मातीच्या थराने झाकून त्यावर गवत धरवायचं, वस्तीतले रस्ते पक्के करायचे, अंगणातली वरची माती काढून स्वच्छ माती घालायची, घरोघरी पाणी द्यायचं, आणि हे सगळं झालेल्या घरात औषध घेतलेलं मूल परत पाठवायचं. यातलं कोणतंही काम अवघड तंत्राचं नाही. खर्च मोठा आहे, आणि तो खाणीच्या नफ्यातून वेळीच बाजूला काढून ठेवायला हवा होता. आज जिथे नवी खाण सुरू होते आहे, तिथे पहिला परवाना देतानाच तो मागून घेता येतो.