पेशीचं अंतरंग – लेखांक ११ : पत्ता चुकलेलं प्रथिन

मूत्रपिंडातून काढलेल्या गाठीचा पातळ काप रंगवून काचपट्टीवर येतो, तेव्हा पॅथॉलॉजिस्टची नजर प्रत्येक पेशीच्या केंद्रकात एक ठिपका शोधत असते. चारशे पट मोठं करूनही तो जेमतेम जाणवला, तर गाठ पहिल्या श्रेणीची. चारशे पटीत ठळक, पण शंभर पटीत नाही, तर दुसरी. शंभर पटीतच डोळ्यांत भरला, तर तिसरी. आणि पेशींचे आकारच पार विस्कटलेले असतील तर चौथी. मूत्रपिंडाच्या मुख्य प्रकारच्या कर्करोगांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये हीच पद्धत स्वीकारली. रुग्णाच्या हातातल्या अहवालावर नुसतं ‘ग्रेड ३’ छापलेलं असतं. त्या आकड्यामागे हा ठिपका असतो.

या ठिपक्याचं नाव केंद्रिका, म्हणजेच न्यूक्लिओलस. फेलिचे फोंटाना या इटालियन निसर्गशास्त्रज्ञानं १७८१ मध्ये वाम माशाच्या त्वचेतल्या पेशी पाहताना त्याची नोंद केली. पुढे १८९६ मध्ये ज्युसेप्पे पियानेसे यानं कर्करोगाच्या पेशींमधल्या केंद्रिका मोठ्या आणि वेड्यावाकड्या असल्याचं दाखवून दिलं. डोळ्यांना जे इतक्या लवकर दिसलं, त्याचं कारण उलगडायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

केंद्रिकेला भिंत नसते. पाण्यात तेलाचा थेंब वेगळा राहतो, तशी ती केंद्रकातल्या द्रवात वेगळी राहते. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर रायबोसोमल आरएनएची जनुकं शेकड्यांनी ओळीनं बसलेली असतात. त्यांच्याभोवती हा थेंब जमतो आणि तिथे रायबोसोम घडतात. पेशीतलं जवळजवळ प्रत्येक प्रथिन याच रायबोसोमांवर तयार होतं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हीला पेशींत दर मिनिटाला रायबोसोमचे सुमारे साडेसात हजार अर्धे भाग तयार होतात, असा हिशेब आहे. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी रायबोसोमही दुप्पट हवेत. त्यामुळे सतत विभागणाऱ्या पेशीत हा कारखाना रात्रंदिवस चालतो, आणि चालता चालता फुगतो. कर्करोगात हमखास बेफाम होणारं मिक हे जनुक तर या कारखान्याचं काम थेट वाढवतं. केंद्रिकेतली न्यूक्लिओलिन आणि न्यूक्लिओफॉस्मिन ही प्रथिनं चांदीचे कण धरून ठेवतात, म्हणून सिल्व्हर नायट्रेटनं रंगवलं की ती काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसतात. गाठ किती वेगानं वाढते आहे, याचा अंदाज हे ठिपके मोजून घेता येतो.

मागच्या लेखांकात पी-५३ या पहारेकऱ्याची ओळख झाली. त्याची एक तार या कारखान्याशीही जोडलेली आहे. एरवी एमडीएम-२ नावाचं प्रथिन पी-५३ला पकडून नष्ट करत राहतं. रायबोसोमची जुळणी मध्येच अडली, की न वापरलेली आरपीएल-५ आणि आरपीएल-११ ही प्रथिनं ५-एस आरएनएसह मोकळी होतात आणि थेट एमडीएम-२लाच धरून ठेवतात. पहारेकरी सुटतो, विभाजन थांबतं. आतड्याच्या कर्करोगावर वर्षानुवर्षं दिलं जाणारं ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध डीएनए मोडून नव्हे, तर मुख्यतः रायबोसोमनिर्मिती अडवून पेशी मारतं, असं २०१७ मध्ये दिसून आलं. सिसप्लॅटिनसारख्या त्याच्या सख्ख्या भावंडांची पद्धत वेगळी आहे. इतकं जुनं, रोजच्या वापरातलं औषध नेमकं काय करतं हे इतक्या उशिरा कळावं, यातच या ठिपक्याकडे किती काळ दुर्लक्ष झालं ते दिसतं.

पण केंद्रिकेतल्या प्रथिनाचा कर्करोगाशी सगळ्यात स्पष्ट संबंध सापडला तो रक्तात, इटलीतल्या पेरुजा शहरात. ब्रुनांजेलो फालिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे न्यूक्लिओफॉस्मिन ओळखणारी प्रतिपिंडं होती. एका प्रकारच्या लिम्फोमात या प्रथिनाचं जनुक तुटून दुसऱ्याला जोडलं जातं, हे १९९४ पासून माहीत होतं. हीच प्रतिपिंडं त्यांनी अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएलच्या बोन मॅरोवर लावून पाहिली. केंद्रिकेत राहणारं प्रथिन अनेक नमुन्यांत केंद्रकाबाहेर, पेशीद्रवात पसरलेलं होतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५९१ प्राथमिक एएमएल रुग्णांपैकी २०८ जणांत, म्हणजे ३५ टक्क्यांत, हे चित्र होतं. इतर प्रकारच्या ९८० गाठी आणि रक्तविकारांत ते एकदाही दिसलं नाही.

याचं मूळ फार छोटं आहे. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात न्यूक्लिओफॉस्मिनच्या, म्हणजे एनपीएम-१ या जनुकाच्या शेवटच्या भागात टी-सी-टी-जी ही चार अक्षरं दुबार लिहिली जातात. त्यामुळे पुढचं वाचन घसरतं आणि २९४ अमिनो आम्लांच्या या प्रथिनाची शेपटी बदलते. केंद्रिकेत रोवून धरणारी दोन ट्रिप्टोफॅन तिथून जातात, आणि त्याच जागी ‘बाहेर न्या’ असा नवा संदेश तयार होतो. एक्सपीओ-१ हे वाहतूक करणारं प्रथिन तो संदेश वाचून त्याला बाहेर काढतं. न्यूक्लिओफॉस्मिन पाच-पाचच्या गटानं राहतं, म्हणून बिघडलेलं प्रथिन जाताना दुसऱ्या प्रतीवरून बनलेल्या धडक्या प्रथिनालाही सोबत ओढून नेतं. इकडे रक्तपेशींच्या बालपणी चालू असणारी आणि पुढे बंद व्हायला हवी अशी हॉक्स जनुकं चालूच राहतात. पेशी प्रौढ होत नाहीत, नुसत्या वाढत राहतात.

ही चूक रुग्णाच्या उपयोगीही पडते. निरोगी पेशींत ती नसते, त्यामुळे केमोथेरपीनंतर रक्तात ती शोधली की रोगाचा माग लागतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात केमोच्या दुसऱ्या फेरीनंतरही जनुकाचा हा ठसा ज्यांच्या रक्तात उरला, त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांत तीन वर्षांत रोग उलटला. ज्यांच्यात उरला नाही, त्यांच्यात ३० टक्के. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तिथल्या रक्तविकार विभागानंही डीएनएचं अतिखोल वाचन करून हाच माग काढण्याचं काम केलं आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पेशंट बरा दिसतोय, रिपोर्टही चांगले आहेत, तरी बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचं की नाही, हा कुटुंबाला हादरवणारा निर्णय घेताना डॉक्टरांच्या हाताशी असा आकडा असणं फार मोलाचं आहे.

उपचारही आता याच धाग्यावरून येत आहेत. हॉक्स जनुकं चालू ठेवायला मेनिन नावाचं प्रथिन लागतं. त्याला अडवणाऱ्या रेव्युमेनिब आणि झिफ्टोमेनिब या गोळ्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२५ मध्ये उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या एनपीएम-१ एएमएलसाठी मान्यता दिली. या गोळ्या ल्युकेमियाच्या पेशींना अडकलेल्या जागेवरून पुढे ढकलतात, प्रौढ व्हायला लावतात. एकदम इतक्या पेशी प्रौढ होऊ लागल्या की कधी ताप येतो, धाप लागते, फुप्फुसांत पाणी साचतं. असं झालं तर लगेच स्टेरॉइड द्यावं लागतं, म्हणून सुरुवातीचे आठवडे रुग्णावर बारीक लक्ष ठेवतात.

केंद्रिकेत राहणारं आणखी एक प्रथिन आहे, डिस्केरिन. रायबोसोमच्या आरएनएवर ते बारीक दुरुस्त्या करतं, आणि गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या टेलोमरेजमध्येही त्याला जागा आहे. त्याच्या जनुकात जन्मजात बिघाड असलेल्या मुलांची नखं लहानपणापासून खराब होतात, जिभेवर पांढरे चट्टे उठतात, बोन मॅरो थकत जातो आणि कर्करोगाचा धोका वाढतो. गुणसूत्रांच्या त्या टोकांविषयी पुढच्या आठवड्यात.