जुन्या वाघिणींचा सौदा

इंग्लंडमधील एखाद्या मध्यम गावाचे नगरभवन. रविवारची सकाळ. दार उघडायला अजून पंधरा मिनिटे अवकाश आहे, तरी बाहेर रांग लागलेली असते. रांगेतील बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. खांद्याला कापडी पिशवी, खिशात घडी घातलेली यादी आणि एखाद्याच्या हाती वीतभर लांबीचा रुळाचा तुकडा. आत लांबच लांब मेजांवर छोट्या आगगाड्या मांडलेल्या असतात. चकचकीत इंजिने वर, काचेच्या पेटीत असतात. मेजाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यांत असतात मूळ वेष्टन हरवलेल्या मालवाघिणी आणि धूळ खाल्लेले प्रवासी डबे. जाणता संग्राहक आत शिरताच प्रथम वाकतो तो या खोक्यांकडे.

लघुरेल्वेचा छंद खर्चिक समजला जातो, आणि नवा माल घेणाऱ्याच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु या छंदाचा मोठा भाग जुन्या, वापरलेल्या मालावरच उभा आहे. तेथे पैशाइतकेच पारखीलाही मोल आहे. व्यापारी घराण्यांत एक गोष्ट लहानपणीच कानी पडते, की नफा विक्रीत दिसतो, पण तो होतो खरेदीत. छोट्या वाघिणींच्या बाजारात या वचनाचा प्रत्यय पदोपदी येतो.

इतका माल आला कोठून?

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० मध्ये किल्लीवर चालणाऱ्या पत्र्याच्या आगगाड्या बाजारात आणल्या. त्या गाड्यांच्या रुळांतील अंतर ३२ मिलिमीटर होते, म्हणजे त्या मांडायला प्रशस्त दिवाणखानाच हवा. सामान्य घराला परवडेल आणि मावेल असा संच आला १९३८ मध्ये. त्याचे नाव ‘हॉर्नबी डब्लो’. रुळांतील अंतर अवघे साडेसोळा मिलिमीटर आणि गाड्या खऱ्या गाडीच्या सुमारे एकशहात्तरांश. या मापाला ‘डबल-ओ’ म्हणतात. ब्रिटनमध्ये आजही हेच माप सर्वाधिक चालते. पुढे १९६४ मध्ये मेकॅनो कंपनी प्रतिस्पर्धी ‘ट्राय-अँग’च्या मालकांकडे गेली. तो उद्योगसमूह १९७१ मध्ये कोसळला. त्यानंतरही ‘हॉर्नबी’ हे नाव टिकले.

युद्धोत्तर दोन-तीन दशकांत असंख्य ब्रिटिश मुलांना वाढदिवसाला या गाड्या मिळाल्या. ती मुले मोठी झाली, हाती पैसा आल्यावर पुन्हा या छंदाकडे वळली आणि आता वृद्ध झाली. काहींनी मोठे घर सोडून लहान घर घेतले, काही निवर्तले. त्यांच्या माळ्यांवरील खोकी आता बाजारात येत आहेत. इंजिनांना गिऱ्हाईक चटकन मिळते. मात्र एका इंजिनामागे दहा-पंधरा वाघिणी असतात, त्यामुळे वाघिणींचा पुरवठा मागणीहून अधिक राहतो. सौद्याला जागा मिळते ती येथे.

आधी मर्यादा, मग खरेदी

स्वस्ताईचा पहिला शत्रू म्हणजे स्वस्ताईच. तीन पौंडांची वाघीण हाती आली की ती घ्यावीशी वाटते. अशा पन्नास वाघिणी घरी आल्यावर लक्षात येते, की त्यांतील चाळीस ना आपल्या काळाच्या आहेत, ना आपल्या मार्गाच्या. म्हणून अनुभवी संग्राहक प्रथम स्वतःला मर्यादा घालून घेतो. एक रेल्वे, एक कालखंड किंवा एकच प्रकार तो निवडतो. यादी जितकी आखूड, तितकी नजर तीक्ष्ण होते.

अशा मर्यादित संग्रहाचे एक सुंदर उदाहरण म्हणजे खासगी मालकीच्या कोळसा-वाघिणी. ब्रिटनमध्ये एके काळी खाणमालक, कोळशाचे ठोक व्यापारी, इतकेच नव्हे तर एखाद्या खेड्यातील किरकोळ दुकानदारही स्वतःच्या वाघिणी बाळगत असे. तिच्या दोन्ही अंगांवर ठळक अक्षरांत पेढीचे नाव आणि गाव रंगविलेले असे. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने अशा पाच लाखांहून अधिक वाघिणी ताब्यात घेतल्या. १ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या कायमच्या सरकारजमा झाल्या. रंग उडाले, पाट्या पुसल्या गेल्या. त्यांतील कित्येक पेढ्यांचे नाव लोकांच्या नजरेसमोर आज जे काही उरले आहे, ते बोटभर लांबीच्या या नमुन्यांवर. व्यापाऱ्याचे नाव आणि त्याची साख रुळांवरून गावोगाव फिरत होती, तो काळ संग्राहक कपाटाच्या एका फळीवर मांडू शकतो. शिवाय हा प्रकार जुन्या बाजारात विपुल मिळतो आणि बहुधा स्वस्तही असतो.

कोणता दोष चालतो, कोणता चालत नाही

काही दोषांमुळे भाव उतरतो, पण वस्तू बिघडत नाही. नेमके हे दोष शोधावेत. पहिला दोष म्हणजे मूळ खोके नसणे. काचेच्या कपाटात जपून ठेवणाऱ्याला खोके महत्त्वाचे असते. गाडी चालवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, आणि खोक्यासाठी मोजलेले पैसे रुळांवर धावत नाहीत. दुसरा दोष धूळ. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कुंचला एवढ्याने प्लॅस्टिकची वाघीण बहुधा उजळते. पत्र्याच्या किंवा कागदी चिकटपट्ट्यांच्या वाघिणीला मात्र पाणी लावू नये. तिसरा दोष जुन्या पद्धतीचे कपलिंग. जुन्या डब्लोचे कपलिंग आणि ट्राय-अँगच्या वळणाचे कपलिंग एकमेकांत अडकत नाही. ते पुष्कळदा बदलता येते, मात्र त्याचा खर्च भावात धरावा लागतो.

काही दोष मात्र घातक असतात. त्यांतील सर्वांत कपटी दोष ओतीव धातूच्या भागांत दडलेला असतो. जस्ताच्या मिश्रधातूत ओतताना शिशासारखी भेसळ राहिली असेल, तर कित्येक वर्षांनी तो भाग आतून फुगतो. त्याच्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते आणि शेवटी त्याचा चुरा होतो. युद्धपूर्व मालात हा रोग अधिक आढळतो आणि त्यावर उपाय नाही. चाकांच्या कडा आणि सांगाड्याची खालची बाजू उजेडात धरून पाहिल्याशिवाय असा माल घेऊ नये. गोंदाने वितळलेला कोपरा, उन्हाने एकाच अंगाचा उतरलेला रंग, नंतर कोणी हाताने चढविलेला रंगाचा थर आणि तुटलेले बफर हेही तपासावेत. वाघीण नेहमी उलटी करून पाहावी. पुढची बाजू विक्रेता दाखवतोच, खालची बाजू वस्तू स्वतः सांगते.

चाकांची परीक्षा वेगळी. रुळाचा तो वीतभर तुकडा येथे उपयोगी पडतो. वाघीण त्यावर सरकवली की डगमग, वाकडी आस आणि अडखळ लगेच कळते. ‘लिमा’ या इटालियन कंपनीच्या जुन्या डब्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात. आजच्या कमी उंचीच्या रुळांवर त्या तळाशी आपटत खडखडत जातात. जुन्या तीन-रुळी डब्लोच्या धातूच्या चाकांत, तसेच जर्मनीच्या ‘मार्कलिन’च्या चाकांत, डावे आणि उजवे चाक एकमेकांपासून विद्युतरोधित नसते. अशी वाघीण आजच्या दोन-रुळी मार्गावर ठेवताच शॉर्टसर्किट होते. वाघीण निर्दोष असते, भावही उत्तम असतो, पण घरच्या मार्गासाठी ती निरुपयोगी ठरते. हे ठाऊक नसलेल्याला ती महाग पडते. ज्याच्याकडे बदलायची चाके तयार आहेत, त्याला तीच वाघीण लाभाची ठरते.

भाव आणि घरात पडणारी किंमत

वस्तूवर लिहिलेला भाव आणि ती घरात कितीला पडली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा, एक वाघीण टपालाने चार पौंडांना मिळाली. टपालखर्च चार पौंड, चाकांच्या दोन जोड्या तीन पौंड आणि कपलिंग दोन पौंड. ती पडली तेरा पौंडांना. नगरभवनातील मेजावर नऊ पौंडांना असलेली, लगेच धावणारी वाघीण तिच्याहून स्वस्त होती.

लिलावाचा हिशेब आणखी सावधपणे करावा लागतो. तेथे वाघिणींचा गठ्ठा एकत्र विकला जातो. समजा, वीस वाघिणींची बोली साठ पौंडांवर थांबली. वरकरणी एक वाघीण तीन पौंडांना आली. परंतु लिलावगृह खरेदीदाराकडूनही दलाली घेते आणि त्या दलालीवर कर असतो. दोन्ही मिळून बोलीच्या तीस टक्के धरले तर अठरा पौंड वाढले. पोचवण्याचा खर्च बारा पौंड. एकूण नव्वद झाले. वीसपैकी आठच वाघिणी आपल्या यादीतील असतील, तर प्रत्येक सव्वाअकरा पौंडांना पडली. उरलेल्या बारा वाघिणी पुढे तीन-तीन पौंडांना विकल्या, तर छत्तीस पौंड परत येतात आणि आपल्या आठ वाघिणी पावणेसात पौंडांना पडतात. थोडक्यात, गठ्ठा घ्यायचा तर नको असलेला माल विकण्याची तयारीही हवी. ती नसेल तर गठ्ठ्याच्या वाटेला जाऊ नये.

मेळ्यात वेळेलाही मोल आहे. दुर्मीळ वस्तू पहिल्या अर्ध्या तासात जाते. सामान्य वाघीण शेवटच्या तासात स्वस्त होते, कारण विक्रेत्याला खोकी पुन्हा गाडीत भरायची नसतात. पाच-सहा वाघिणी एकत्र घेऊन एक भाव विचारणाऱ्याला तो आनंदाने सूट देतो. याशिवाय ब्रिटनमधील काही वारसा-रेल्वेंच्या स्थानकांवर स्वयंसेवक दान आलेल्या जुन्या गाड्या विकतात. तेथे भाव रास्त असतात आणि पैसा खऱ्या इंजिनांच्या दुरुस्तीला लागतो.

भारतात बसून परदेशी माल मागवणाऱ्याला टपाल आणि सीमाशुल्क यांमुळे बहुतेक सौदे तोट्याचे ठरतात. लंडन किंवा लेस्टरहून येणाऱ्या नातलगाच्या सामानात कागदात गुंडाळून दोन-चार वाघिणी आल्या, तर गोष्ट निराळी. खरेदीआधी छंदाची चव घ्यायची असेल, तर पुण्याच्या कोथरूडमधील जोशी कुटुंबीयांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहावे. १९९८ पासून सुरू असलेले हे संग्रहालय पाहिले, म्हणजे एका घराण्याच्या चिकाटीतून केवढे विश्व उभे राहू शकते ते कळते.

अजाणत्याचा माल

आता राहिला सर्वांत नाजूक प्रश्न. १९२० च्या दशकात हॉर्नबीने नामांकित कंपन्यांच्या जाहिराती असलेल्या छोट्या बंदिस्त वाघिणी काढल्या. त्यांपैकी ‘कोलमन्स मस्टर्ड’ची वाघीण थोडाच काळ निघाली. म्हणून ती आज अत्यंत दुर्मीळ आहे आणि तिच्या नकलाही आढळतात. समजा, पतीच्या निधनानंतर माळा रिकामा करणाऱ्या एखाद्या वृद्धेने ती इतर सामानात टाकून दिली आहे, आणि पाहणाऱ्याला ती ओळखू आली आहे. तेव्हा त्याने काय करावे?

विक्रेता व्यावसायिक असेल, तर पारख हे त्याचे काम आहे. त्याने लावलेल्या भावात घेणे हा व्यवहार झाला. पण समोरची व्यक्ती जेव्हा विचारते, “याचे काय येतील हो?”, तेव्हा नाते बदलते. त्या क्षणी ती आपल्याला गिऱ्हाईक समजत नाही, जाणकार समजते. सल्ला देणारा आणि त्याच सल्ल्यावर खरेदी करणारा एकच असेल, तर त्याने खरा भाव सांगितलाच पाहिजे. सांगून मग रास्त किमतीला मागावी, किंवा लिलावगृहाची वाट दाखवावी. या छंदाचे वर्तुळ लहान असते. एकदा ‘हा विधवेचा माल लुबाडतो’ अशी ख्याती झाली, की दारे बंद होतात. आणि ‘हा खरे सांगतो’ अशी ख्याती झाली, की लोक स्वतःहून खोकी घेऊन येतात. पेढीवर साख कशी कमावली जाते हे ठाऊक असलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. आज खरेदी करणारा संग्राहक उद्या स्वतः एक माळा मागे ठेवून जाणार आहे. म्हणून शहाणा संग्राहक प्रत्येक वाघिणीची नोंद वहीत करतो. कोठून घेतली, कितीला पडली, काय दुरुस्ती केली, आज अंदाजे काय येईल आणि विकायची झाल्यास कोणाला विचारावे, हे सारे तो लिहून ठेवतो. पानभर लिहायला फार वेळ लागत नाही. ती वही घरात असेल, तर खोके उघडणारा मुलगा किंवा सून वडिलांचा छंद मातीमोल करणार नाही, आणि कोणी त्यांना फसवूही शकणार नाही. मेजाखालच्या खोक्यांत जी सुंदर वाघीण कवडीमोल भावाने सापडते, तिच्या मागे बहुधा एक न लिहिलेली वही असते.