त्रिलोक गुर्टूची बादली

गेल्या गॅदरिंगला आमच्या बँडचं जे काही झालं ते तुम्ही पाहिलंतच. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना रूममेटने अ‍ॅक्शनसकट सांगितलं असेल. पिंक फ्लॉइडचं 'मनी' (१९७३) घेतलं होतं. सुरुवात बरी झाली, मग बेसवाला एकीकडे, मी दुसरीकडे आणि गाणं क्रॉसिंगला थांबवलेल्या पॅसेंजरसारखं मधेच उभं! ड्रम्स मी वाजवत होतो आणि चूक माझीच होती.

ते गाणं सात मात्रांचं आहे. मी 'वन टू थ्री फोर' मोजणारा. सातवर आलो की पाय आपोआप आठवा ठोका मारतोच. त्यातला गिटारचा सोलो चारात आहे, तिथे मी एकदम झकास वाजवलं असतं, पण आम्ही तिथपर्यंत पोचलोच नाही.

गंमत म्हणजे लहानपणी चार वर्षं मी तबला शिकलोय. रूपक मला येत होता, तोही सातच मात्रांचा. पण ड्रम्सच्या स्टुलावर बसलं की तबला विसरायचा असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना ही सवय असते, शाळेत एक भाषा, घरी दुसरी. (माझे 'न' आणि 'ण' संपादकांनी बघून घ्यावेत.) त्या रात्री एका सीनियरने मला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस खाली अर्धवट गुडघ्यावर बसून ड्रम्स वाजवतोय, बाजूला तबला आणि शेजारी चक्क पाण्याची बादली!

तो माणूस म्हणजे त्रिलोक गुर्टू. जन्म ३० ऑक्टोबर १९५१, मुंबई. आई शोभा गुर्टू, ठुमरी-दादरा गाणाऱ्या. त्या मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. घरात गाणं असल्यामुळे त्रिलोकच्या हातात आधी तबला आला, ड्रम्स नंतर, सत्तरच्या दशकात. त्याने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. पाश्चात्य रेकॉर्ड्स ऐकून तो शिकत होता, पण स्टुडिओत एकावर एक ट्रॅक चढवतात हे त्याला माहीतच नव्हतं. त्यामुळे ऐकू येईल ते सगळं जुळवायला तो बसला. अज्ञानाचा इतका फायदा आमच्या बॅचमध्ये अजून कुणाला झालेला नाही.

आता प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, ते थोडक्यात. साध्या रॉकमध्ये ड्रमर ठेका धरतो. प्रोग्रेसिव्हमध्ये गाणी लांब, मधेच पाच, सात, अकरा अशा मात्रा बदलणारी, आणि ड्रमरला गायक-गिटारवाल्याइतकंच बोलायला मिळतं. त्रिलोकचं नाव कॅटलॉगमध्ये जॅझखाली सापडेल, पण त्याच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डिंगपैकी एक आहे 'एम्ब्रियो' या जर्मन रॉक बँडचा १९७७ चा अल्बम 'अपोकॅलिप्सो'. त्यात शोभाताईही गायल्या आहेत! आई ठुमरीवाली, बँड म्युनिकचा रॉकवाला. १९८४ मध्ये 'ओरेगॉन' या अमेरिकन ग्रुपचा तबला-सतार वाजवणारा कॉलिन वॉलकॉट अपघातात गेला, त्याच्या जागी पुढे त्रिलोक आला. मग जॉन मॅक्लॉफ्लिनची तिघांची ट्रायो. नोव्हेंबर १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळवाच. १९८८ चा त्याचा स्वतःचा पहिला अल्बम 'उसफ्रेत', त्यातही आई आहे. नंतरच्या काही अल्बममध्ये पाहुणे फार झाले असं माझं प्रामाणिक मत. तिघंच असताना त्याचा हात जास्त ऐकू येतो.

असो, आता टेक्निक. नेहमीचा ड्रमर उंच स्टुलावर बसतो, कारण दोन्ही पायांना पेडल्स असतात. त्रिलोकची गाजलेली बैठक मात्र जमिनीलगतची. सगळं वाद्य त्याने खाली आणलं. त्यामुळे काठी टाकून बोटं तबल्यावर न्यायला त्याला उठावं-वळावं लागत नाही. तबला आणि ड्रम्समधला फरक आपल्या भाषेत सांगायचा तर साध्या गोल पडद्याची कंपनं १, १.५९, २.१४ अशा वेड्यावाकड्या पटीत असतात, म्हणून ड्रमला नक्की सूर नसतो. तबल्याच्या शाईमुळे त्या पटी जवळजवळ पूर्णांकात येतात. हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं. दोन्ही प्रकारचे पडदे हाताशी असले की एकाच वाक्यात सूर आणि नुसता धमाका, दोन्ही बोलता येतात.

बादलीचं कोडं त्याहून सोपं. वाजणारी झांज किंवा घंगाळासारखी थाळी पाण्यात बुडवली की तिच्याबरोबर पाणीही हलायला लागतं, म्हणजे वस्तुमान वाढतं आणि फ्रीक्वेन्सी खाली घसरते. आवाज 'ट्यँऽव' करत उतरतो. मेसचं स्टीलचं ताट कडेला हलकं धरून बाथरूमच्या बादलीत करून बघा. (रात्री अकरानंतर नको. रेक्टर सर येतात, अनुभव आहे.) त्रिलोक शिंपल्यांच्या माळासुद्धा अशाच बुडवतो.

पण मला खरं सापडलं ते मोजण्यात. तो आकडे मोजत नाही, बोल म्हणतो. मॅक्लॉफ्लिन आणि तो कधीकधी स्टेजवर नुसत्या तोंडाने बोल म्हणतात. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा आपला ढोलवाला कुठे वन-टू करतो? त्याच्या तोंडातच ते असतं. आता तिहाईचं गणित बघा. 'ति र कि ट धा', पाच अक्षरं, मात्रेला एक. तीनदा म्हटलं की पंधरा. रूपकाची दोन आवर्तनं चौदा. म्हणजे समेवर सुरू केलं तर शेवटचा 'धा' बरोबर पुढच्या समेवर पडतो. एम-थ्रीमध्ये इतकं सुंदर उत्तर मला कधी आलं नाही.

मग आम्ही मेसच्या टेबलावर चमच्यांनी सुरू केलं. ती ती ना, धी ना, धी ना. बेसवाला मेकॅनिकलचा, त्याने दोन दिवसांत पाठ केलं. 'मनी' आता अडखळत का होईना, शेवटपर्यंत जातं. एक अडचण राहिली. रूपकाची सम खालीवर असते, पहिली मात्रा हलकी. रॉकमध्ये पहिलाच ठोका सगळ्यात जड. तोंड एक म्हणतं, पाय दुसरं मागतो. सध्या मी तोंडाने रूपक म्हणतो आणि पहिल्या 'ती'वरच बेस ड्रम ठोकतो.

हे शास्त्रात बसतं का, म्हणून गावी तबल्याच्या सरांना फोनवर ऐकवलं. ते जरा वेळ गप्प बसले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मग म्हणाले, "परत वाजव रे."